पडणारें मूल आणि पाहणारे आईबाप

अपस्मार हा रोग वाङ्मयाच्या फार जुन्या परिचयाचा आहे. चरकसंहितेंत त्याला निदानस्थानांत एक व चिकित्सास्थानांत एक असे दोन स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. हिपॉक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रीक वैद्यकग्रंथांत 'पवित्र रोग' म्हणून ज्याची चर्चा आहे तो हाच. आणि इतर रोगांहून त्यांत अधिक पवित्र असें कांहीं नाहीं, हें त्या ग्रंथकारानें तेव्हांच बजावून सांगितलें आहे. बायबलांतील मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो; तो मुलगाहि कधीं विस्तवांत तर कधीं पाण्यांत पडणारा आहे. इतका जुना परिचय असूनहि या रोगाविषयीं जें वाङ्मय झालें, त्याचा मोठा भाग पडणाऱ्याविषयीं आहे. पाहणाऱ्याविषयीं फारच थोडें लिहिलें गेलें. वास्तविक हा रोगच असा विलक्षण कीं, मोठ्या झटक्यांत काय घडलें हें ज्याला झटका आला त्यालाच बहुधा आठवत नाहीं. स्मृतीचा लोप हा अर्थ तर 'अपस्मार' या शब्दाच्या पोटींच आहे. मग जें घडलें तें पाहिलें कोणी? लहान मुलाच्या बाबतींत याचें उत्तर ठरलेलें आहे. आईनें पाहिलें, किंवा बापानें.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाहीं, शास्त्राचाहि आहे. फेफरें म्हणा, आकडी म्हणा, मिरगी म्हणा कीं नुसती फीट म्हणा, डॉक्टरांच्या समोर ती क्वचितच येते. मूल दवाखान्यांत पोंचतें तेव्हां तें झोपलेलें तरी असतें, नाहीं तर हंसत-खेळत असतें. हान्स बर्गर यानें १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचा आलेख प्रथम काढला व १९२९ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें शास्त्राच्या हातीं याहूनहि सूक्ष्म साधनें आलीं. तरी दोन झटक्यांच्या मधल्या काळांत काढलेला आलेख निर्दोष निघूं शकतो, आणि निदानाची मोठी भिस्त पाहणाऱ्याच्या सांगण्यावरच राहते. डोळे कोणत्या बाजूस फिरले, आधीं कोणता हात उडाला, ओठ निळे पडले काय, किती मिनिटें चाललें, नंतर मूल झोपलें कीं एक बाजू लुळी पडली, या प्रश्नांचीं उत्तरें आईपाशींच असतात. आतां घरोघर मोबाइल आहेत आणि झटक्याचें चित्रण डॉक्टरांना दाखवितां येतें; पण थरथरत्या हातानें तो मोबाइल धरणारी व्यक्तीहि तीच. तात्पर्य, या रोगांत आईबाप हे नुसते शुश्रूषा करणारे नसतात. ते साक्षीदार असतात, आणि पुष्कळदां एकमेव साक्षीदार असतात. म्हणून अपस्मारी मुलाविषयींच्या कोणत्याहि ग्रंथाची परीक्षा करतांना आम्ही एक कसोटी लावूं इच्छितों: ग्रंथकारानें या साक्षीदाराला कसें वागविलें?

या कसोटीचा अर्थ एका थोर उदाहरणावरून स्पष्ट होईल. दोस्तोएव्हस्की स्वतः अपस्मारी होता. १८७८ च्या मे महिन्यांत त्याचा धाकटा मुलगा अल्योशा, वयाचीं तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, एका दीर्घ झटक्यांत दगावला. आपलाच रोग मुलाच्या वाट्यास आला या विचारानें तो किती खचला, हें त्याच्या पत्नीनें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं तो ऑप्टिना येथील मठांत गेला, आणि १८७९-८० मध्यें 'कारामाझोव्ह बंधु' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. गेलेल्या तान्ह्यासाठीं मठांत येऊन रडणारी एक गरीब बाई या कादंबरींत आहे. निष्पाप मुलांच्या यातनांचा ईश्वरापाशीं जाब मागणारा इव्हान आहे. त्याच्या धाकट्या भावाला तर अल्योशा हेंच नांव दिलें आहे. पण रोग मात्र कोणाकडे गेला? स्मेर्द्याकोव्ह या अनाथ, तिरस्कृत पोराकडे. त्याला सांभाळणारा नोकर त्याच्या मुस्काटांत मारतो, आठवड्याभरांत पहिला झटका येतो, घरधनी डॉक्टर आणवितो, गुण येत नाहीं, आणि विषय संपतो. पुढें त्याच मुलाचा झटका, खरा कीं खोटा या संशयासह, खुनाच्या कथानकांतील एक खुंटी होऊन बसतो. ज्या बापानें तो दीर्घ झटका प्रत्यक्ष पाहिला त्यानें शोक लिहिला, ईश्वराशीं वाद लिहिला. ती घटका मात्र लिहिली नाहीं. यासाठीं त्याला दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आम्ही येथें इतकेंच दाखवूं इच्छितों कीं, एवढ्या समर्थ लेखणीच्या हातूनहि साक्षीदाराची जागा रिकामीच राहिली.

ही जागा भरून काढण्याचा अलीकडच्या काळांतील सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणून अ‍ॅन फॅडिमन या अमेरिकन लेखिकेच्या 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन' या ग्रंथाकडे पाहिलें पाहिजे. तो १९९७ सालीं प्रसिद्ध झाला व अमेरिकेंतील ग्रंथसमीक्षकांच्या राष्ट्रीय मंडळाचें पारितोषिक त्याला मिळालें. 'भूत धरतें आणि तुम्ही पडतां' असा अर्थ असलेलें हें नांव लेखिकेनें ह्मोंग लोकांच्या भाषेंतून घेतलें आहे. अपस्माराला त्या भाषेंत 'काउ दा पे' म्हणतात. लाओसच्या डोंगरांत राहणारे हे लोक अमेरिकेच्या बाजूनें एका गुप्त युद्धांत लढले, १९७५ नंतर देशोधडीस लागले, आणि त्यांतील कित्येक कुटुंबें थायलंडमधील छावण्यांतून कॅलिफोर्नियांतील मर्सेड या शेतकी मुलखांतील गांवीं येऊन स्थिरावलीं. अशाच एका कुटुंबांत, फूआ यांग व नाओ काओ ली या दांपत्याच्या पोटीं, १९८२ च्या जुलैंत लिया नांवाची मुलगी जन्मास आली. ती सुमारें तीन महिन्यांची असतां थोरल्या बहिणीनें दार धाडकन् लावलें, आणि लियाला पहिला झटका आला. आवाजाच्या भीतीनें मुलीचा आत्मा शरीर सोडून पळाला, असें आईबापांनीं मानलें. ज्याला असे झटके येतात तो पुढें देवऋषी होण्याच्या योग्यतेचा असतो असा त्यांच्याकडे समज असल्यामुळें, त्यांच्या चिंतेंत किंचित् अभिमानहि मिसळलेला होता.

यापुढील हकीकत लेखिकेनें रुग्णालयाचे कागदपत्र आणि आईबापांचें कथन समोरासमोर ठेवून सांगितली आहे. पहिल्या दोन वेळां मुलीला रुग्णालयांत आणलें तेव्हां झटका थांबलेला होता, दुभाषी कोणी नव्हता. छातीच्या विकाराचें निदान होऊन मुलगी घरीं परत आली. १९८३ च्या मार्चांत ती झटका चालू असतांनाच पोंचली, तेव्हां कोठें रोग ओळखला गेला. तेव्हांपासून वयाच्या साडेचार वर्षांपर्यंत ती सतरा वेळां रुग्णालयांत दाखल झाली. चार वर्षांच्या आंत तिच्या औषधांची योजना तेवीस वेळां बदलली. ज्या आईबापांना कोणत्याच भाषेंत लिहितां-वाचतां येत नव्हतें, त्यांनीं हे सारे बदल पाळावे अशी अपेक्षा होती. त्यांनीं ते पुरते पाळले नाहींत. कांहीं औषधांनीं मूल बिघडतें असें त्यांना दिसलें आणि तीं त्यांनीं टाळलीं. १९८५ सालीं सरकारी बालसंरक्षण खात्यानें मुलीला आईबापांपासून काढून परक्या घरीं ठेविलें. तेथें औषध घड्याळाच्या ठोक्यावर मिळालें. तरीहि झटके थांबले नाहींत. आणि ज्या बाईच्या घरीं तिला ठेविलें होतें, त्या बाईची फूआवर इतकी माया जडली कीं, आपलें स्वतःचें तान्हें मूल ती तिच्यापाशीं सांभाळावयास ठेवूं लागली. कायद्यानें जिला नालायक ठरविलें तिच्या ओटींत मूल घालणाऱ्या या बाईचा निवाडा कोर्टाच्या निवाड्याहून आम्हांला अधिक वजनदार वाटतो.

१९८६ च्या एप्रिलांत लिया घरीं परत आली. आतां औषध एकच होतें आणि आईबाप तें नीट देत होते. तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तिला जवळजवळ दोन तास चाललेला भयंकर झटका आला. सोबत रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग होता. आणि मेंदूचें भान कायमचें गेलें. या अनर्थाचें मूळ अपस्मारापेक्षां त्या जंतुसंसर्गांत असावें, आणि ज्या औषधावर सारी मदार होती त्यानेंच कदाचित् तिची प्रतिकारशक्ति दुबळी केली असावी, अशी शंका एका तज्ज्ञानें लेखिकेपाशीं बोलून दाखविली. नियतीचा उपहास असा कीं, यानंतर लियाला झटके आले नाहींत.

या ग्रंथाचे गुण मोठे आहेत. लेखिकेनें डॉक्टरांना खलपुरुष केलें नाहीं. लियाचे मुख्य डॉक्टर हें एक पतिपत्नींचें जोडपें होतें. तीं दोघें रात्रीबेरात्रीं धांवत आलीं, झिजलीं, आणि आईबापांवर रागावलीं तेंहि मुलीच्या काळजीपोटींच. हें सर्व लेखिका निष्पक्षपणें सांगते. ह्मोंगांच्या इतिहासाचीं प्रकरणें आणि रोगाचीं प्रकरणें तिनें एकाआड एक गुंफलीं आहेत, तीहि योजना बहुतांशीं साधली आहे. आर्थर क्लाइनमन या मनोवैद्य व मानववंशशास्त्रज्ञाचा सल्ला तिनें शेवटाकडे दिला आहे, तो प्रत्येक वैद्यानें वाचण्याजोगा आहे. डॉक्टरांची आज्ञा पाळणें या अर्थाचा जो शब्द रुग्णालयांत सर्रास वापरला जातो तोच आधीं टाकून द्यावा, असें तो म्हणतो.

मग आमचा मतभेद कोठें आहे? तो ग्रंथाच्या उपशीर्षकापाशीं आहे. ही कथा दोन संस्कृतींच्या टकरीची आहे, असें लेखिका तेथें जाहीर करते, आणि वाचकहि ग्रंथ मिटतांना तेंच घेऊन उठतो. आम्हांस असें वाटतें कीं, या भव्य सूत्रानें लेखिकेनें आपल्याच हातीं आलेली एक अधिक जुनी व अधिक व्यापक गोष्ट झांकून टाकली. लियाच्या आईबापांच्या ज्या कृतींवरून एवढें रण माजलें त्या कृति एकेक करून पहाव्या. औषधानें मूल सुस्त किंवा चिडखोर होतें असें दिसल्यावर त्यांनीं औषध कमी केलें. डॉक्टर आणि देवऋषी या दोघांचेहि उंबरे त्यांनीं झिजविले. कागदावरील आंकड्यापेक्षां आपल्या डोळ्यांना दिसलेल्या मुलावर त्यांनीं अधिक विश्वास ठेविला. यांत ह्मोंग असें काय आहे? पुण्यांतील एखादी पदवीधर आई अर्धी गोळी मोडून ठेवते तेव्हां तिच्या मनांत हाच हिशेब चालू असतो. झटका ही एका घटकेची आपत्ति असते. औषधानें मलूल झालेलें मूल दिवसभर समोर असतें. या दोहोंतून निवड करण्याची पाळी जिच्यावर येते तिची चूक होऊं शकते, आणि ही चूक भयंकर ठरूं शकते. अपस्मारावरील औषध मनानें एकाएकीं बंद करणें धोक्याचें आहे हें आम्हींहि येथें स्पष्टपणें सांगतों. परंतु चूक झाली तरी ती आईची चूक आहे. तिला 'संस्कृति' असें नांव दिलें कीं ती एकदम दूरची, नवलाची, अभ्यास करण्याची वस्तु होते, आणि वाचक सुटकेचा श्वास सोडतो कीं, हें आपल्या घरचें नव्हे.

दुसरें असें कीं, या शोकांतिकेचा आरंभ भुतावरील श्रद्धेपासून झालाच नाहीं. पहिल्या झटक्यांच्या वेळीं आईबाप मुलीला घेऊन देवऋषाकडेच बसून राहिले असते तर ती गोष्ट वेगळी होती. ते तर रुग्णालयांत आले होते. त्यांनीं सर्व कांहीं पाहिलें होतें; तें सांगण्यास भाषा नव्हती आणि ऐकण्यास दुभाषी नव्हता. म्हणजे साक्षीदार हजर होता, साक्ष नोंदली गेली नाहीं. या एका न ऐकलेल्या साक्षींत पुढील सर्व अविश्वासाचें बीज आहे, असें आमचें मत आहे. कोणी म्हणेल, श्रद्धेचा कांहींच परिणाम झाला नाहीं काय? झाला, तो नाकारण्याचें कारण नाहीं. पण ज्या घरांत आरंभींच आपलें म्हणणें ऐकलें गेलें, त्या घरांत देवऋषी आणि डॉक्टर एकमेकांशेजारीं सुखानें नांदूं शकतात, हें आपण भारतीयांनीं तरी सांगावयास नको.

आमच्या म्हणण्यास पुष्टि देणारा दुसरा ग्रंथ फ्रान्समधून आलेला आहे. दाविद बे. या टोपणनांवानें लिहिणाऱ्या चित्रकारानें आपल्या थोरल्या भावाच्या अपस्माराची हकीकत चित्ररूपानें सहा भागांत सांगितली; हे भाग १९९६ ते २००३ या काळांत प्रसिद्ध झाले, आणि 'एपिलेप्टिक' या नांवानें त्यांचें इंग्रजी रूपांतर झालें. मूळ फ्रेंच नांवांत अपस्माराला जुन्या भाषेंत असलेला 'थोर व्याधि' हा शब्द खेळविला आहे. १९६४ सालीं झाँ-क्रिस्तोफ या मुलाला झटके येऊं लागले. घर सुशिक्षित, फ्रेंच, पुस्तकांनीं भरलेलें. हे आईबाप काय करतात? डॉक्टरांकडे जातात; मेंदूवरील शस्त्रक्रियेची गोष्ट निघते तेव्हां कचरतात; मग विशिष्ट धान्याहार पाळणाऱ्यांच्या वसाहतींत जाऊन राहतात; कांहीं काळ झटके थांबतात आणि आशा बळावते; ते पुन्हां येतात; मग प्रेतात्म्यांशीं बोलणारे, गूढविद्येचे गुरु, तीर्थाचें पाणी. ह्मोंग आईबापांनीं केलें तेंच, फक्त अधिक वाटांनीं! येथें दोन संस्कृति नाहींत, टक्कर नाहीं, भाषेची अडचण नाहीं. तरी तीच वणवण आहे. आणि एक फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे: या आईबापांपासून त्यांचा मुलगा कोणत्याहि खात्यानें हिरावून नेला नाहीं.

या चित्रकारानें रोगाला एका लांबलचक सर्पासारख्या प्राण्याचें रूप दिलें आहे. तो घरांतून, जेवणाच्या टेबलावरून, आईबापांच्या अंगावरून वेटोळीं घालीत जातो. आमच्या कसोटीला हें पुस्तक फॅडिमनच्या ग्रंथापेक्षां अधिक उतरतें, कारण येथें पाहणारा स्वतः घरांतला आहे. धाकटा भाऊ पडणाऱ्याकडे पाहतो, आणि पडणाऱ्याकडे पाहणाऱ्या आईबापांकडेहि पाहतो. त्याला राग येतो, कंटाळा येतो, भावापासून पळून जावेंसें वाटतें. हें तो लपवीत नाहीं. आजारी मुलाच्या घरांत निरोगी मुलाच्या वाट्यास काय येतें, याची इतकी निर्दय नोंद आमच्या वाचनांत दुसरी नाहीं.

हे दोन्ही ग्रंथ वाचतांना आमचें लक्ष वारंवार आपल्या घराकडे वळलें. झटका आलेल्या माणसाच्या नाकाशीं जोडा किंवा कांदा धरण्याची चाल आपल्याकडे आहे. दातखीळ बसूं नये म्हणून तोंडांत चमचा घालणारेहि आहेत. वास्तविक मुलाला कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, घड्याळ पहावें, आणि पांच मिनिटांच्या पलीकडे झटका गेला तर त्वरित रुग्णालय गांठावें, एवढें साधें ज्ञान पुरतें. पण याहूनहि मोठी अडचण लपविण्याची आहे. विशेषतः मुलगी असली कीं शेजाऱ्यांना, शाळेला, प्रसंगीं आजोळालाहि कळूं न देण्याची धडपड चालते. ही धडपड निव्वळ अडाणीपणाची म्हणावी तर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतच वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास बाध म्हणून लिहिलेला होता. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीनें वगळला गेला. कायद्यांतून शब्द गेला तरी घरांतून भीति इतक्या लवकर जात नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत सुमारें पांच कोटि लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व औषध मिळाल्यास त्यांतील शेंकडा सत्तरांपर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतील. हें औषध पोंचण्याच्या आड जी लपवाछपवी येते, तिनें साक्षीदाराचें तोंड बंद होतें. मर्सेडला दुभाषी नव्हता. आपल्याकडे भाषा एकच असून आई बोलत नाहीं, किंवा ती बोलूं लागली तर तिला 'घाबरट' म्हणून गप्प केलें जातें.

फॅडिमनच्या ग्रंथाकडे अखेरीस पुन्हां वळलें पाहिजे, कारण त्याचा सर्वोत्तम भाग टकरीच्या प्रकरणांत नाहीं. तो तिच्यानंतरच्या शांततेंत आहे. १९८६ च्या अखेरीस डॉक्टरांनीं लियाला घरीं पाठविलें तें ती लवकरच जाणार या समजुतीनें. ती गेली नाहीं. आईबापांनीं तिला रोज न्हाऊं घातलें, भरविलें, पाठुंगळीस बांधून हिंडविलें, आपल्या अंथरुणांत निजविलें. आणि ज्यांनीं पूर्वी त्यांना हयगयी म्हटलें होतें, त्यांनाहि या शुश्रूषेंत बोट ठेवण्यास जागा सांपडली नाहीं. लिया पुढें पंचवीस वर्षांहून अधिक जगली. २०१२ च्या ऑगस्टांत, वयाच्या तिसाव्या वर्षीं, ती वारली. ग्रंथ निघाला तेव्हां त्याच्या उपशीर्षकाला हा हिशेब ठाऊक असणें शक्य नव्हतें. आज तो आपल्यापुढें पुरा मांडलेला आहे, आणि त्याच्यापुढें 'टक्कर' हा शब्द अपुरा वाटतो.

एवढा मतभेद नोंदवूनहि हा ग्रंथ आम्ही वाचकांच्या हातीं आग्रहानें देतों. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातीं तर अवश्य. मात्र तो वाचतांना ह्मोंग हा शब्द जेथें जेथें येईल तेथें क्षणभर थांबून आपल्या गल्लींतील, आपल्या नात्यांतील एखाद्या आईचें नांव घालून पहावें. वाक्य बहुधा तसेंच खरें राहील. आणि अशा आईनें स्वतः, कोणा लेखिकेच्या मध्यस्थीवांचून, रात्रीं घड्याळाकडे पाहत मोजलेलीं मिनिटें मराठींत लिहून काढलीं, तर त्या पुस्तकाचें परीक्षण करण्याचा मान आम्हांस मिळावा, अशी आमची इच्छा आहे.